नको असलेलं नाव

१

अम्ब्रोज पेंगिली कोसळला तेव्हा त्याच्या हातात माझ्याकडची बशी होती, आणि ती त्याला पाच मिनिटांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीनं नेऊन दिली होती. सार्जंट हॅकेटला एवढं पुरलं. दिवस मावळायच्या आत त्यानं बीडीला कोठडीत नेऊन बसवलं.

पेंगिली मेला याचं मला दुःख झालं, असं मी लिहिणार नाही. आमच्या कॅरिक्स फ्लॅट गावात ज्यांना झालं त्यांनी काळ्या फिती लावल्या, आणि त्यातल्याही निम्म्यांनी नुसत्या फितीच लावल्या. हा माणूस कधीकाळी पाठीवर पेटी बांधून खाणीखाणींतून मेणबत्त्या विकायचा. पुढे मेणबत्त्यांचा कारखाना काढला, मग खाण घेतली, मग दोनदा मेलबर्नच्या विधानसभेत जाऊन बसला. तिसऱ्यांदा गेला असता तर खाणींचा मंत्री झाला असता. त्याचं बत्तीस पानी जीवनचरित्रही छापून तयार होतं. मुखपृष्ठावर दाढीवाली तसबीर, आत आईचे आशीर्वाद आणि स्वतःचे कष्ट. गावच्या सार्वजनिक संस्थेच्या वाचनालयाची आणि तिथल्या चहापाण्याची देखभाल मी करते, त्यामुळे त्या चरित्राचा गठ्ठा टेबलावर मलाच मांडावा लागला होता.

बीडीचा नवरा त्याच्याच कारखान्यात होता. चरबी कापायच्या यंत्रात त्याची चार बोटं गेली, आणि त्याच आठवड्यात पेंगिलीनं त्याला घरी पाठवलं. तेव्हा रविवारी चॅपलच्या दारात, सगळ्यांसमोर, बीडी त्याला म्हणाली होती, "तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, बघशील." आमच्याकडे बायका रागावल्या की असं बोलतात. पण हे बोलून महिनाही झाला नव्हता, आणि तो चहा पिताना मेला.

त्या दुपारची हकिगत अशी. विधानसभेला कोणाला उभं करायचं हे ठरवायला कुर्ट्झ, पाद्री ओट्स, लॉरिमर आणि नॅन्स अशा चौघांची समिती संस्थेच्या वरच्या खोलीत बसली होती. तीन इच्छुक होते, पेंगिली, लॉकहार्ट आणि वकील व्हेन. तिघंही खाली माझ्या वाचनालयात एकमेकांकडे न बघता वर्तमानपत्रं चाळत होते. चौघांना मी चिठ्ठ्या आणि टोक केलेल्या पेन्सिली नेऊन दिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर तिन्ही नावं होती. आमच्या व्हिक्टोरियात निवडणुकीला जी रीत आहे तीच इथेही, नको असलेली नावं खोडायची आणि हवं ते ठेवायचं. बाहेरून आलेल्यांना ही रीत अंगवळणी पडायला वेळ लागतो. माझ्या नवऱ्याचं इथलं पहिलं मत वायाच गेलं होतं, आणि तो मरेपर्यंत त्यावरून चिडायचा.

निकाल लागला तेव्हा तिघांना वर बोलावलं. पेंगिलीला दोन, व्हेनला एक, आणि एक चिठ्ठी बाद. वर्तमानपत्राचा संपादक लॉरिमर यानं ती बाद चिठ्ठी हसत हसत वाचून दाखवली. तिच्यावर दुसरं काही नव्हतं, फक्त पेंगिलीच्या नावाला फुली होती. बाकीचे हसले. पेंगिली हसला नाही. चौघांकडे त्यानं एकेक करून पाहिलं, आणि मग भाषणासाठी ठेवणीतला कोट मागितला.

कोट धरला कॅप्टन नॅन्सनं. नॅन्स त्याच्या खाणीचा मुख्य, त्याचा उजवा हात. मी खाली चहाचं बघायला गेले. भाषण वीस मिनिटं चाललं. त्यानंतर पेंगिलीनं चहा बशीत ओतून फुर्रकन ओढला. आमदार झाला तरी ही जुनी सवय काही सुटली नव्हती. आणि दुसऱ्याच क्षणी तो खाली पडला. अंग धनुष्यासारखं वाकलं. कोणाला काही सुचेना. नॅन्स तेवढा पुढे धावला, गुडघ्यांवर बसला, त्याची कॉलर सैल केली, कोटाची बटणं सोडली. डॉक्टर पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सशांना मारायला घालतात ते विष, असं डॉक्टर म्हणाले. इथे ते प्रत्येक घरात असतं.

२

सार्जंट हॅकेट वाईट माणूस नाही. एकदा बसला की उठायचा त्याला फार कंटाळा येतो, आणि त्याचं डोकंही तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीत गेले. बीडी बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मला म्हणाली, "ताई, मी फक्त साखर घातली गं. चार चमचे. तो तेवढीच घ्यायचा." एवढं बोलून ती रडायला लागली. अकरा वर्षांची असल्यापासून तिला मी वाढवलं आहे, आणि आता दोराला लटकण्याइतका गुन्हा तिच्या नावावर चढत होता.

मी हॅकेटला विचारलं, चहात विष होतं हे कशावरून? तो म्हणाला, दुसरं त्यानं काही तोंडात घातलंच नव्हतं.

"बशी खाली पडली तेव्हा चहा सांडला," मी म्हटलं. "तो सगळा माझ्या डचेसनं चाटला. आज सकाळी तिनं पाद्रीबाबांच्या कोंबड्या पळवल्यात."

"नोराबाई, कुत्रीची साक्ष मी कोर्टात कशी नेऊ?"

"कुत्री राहू द्या. पण ती जिवंत का, एवढं तरी स्वतःला विचारा."

त्यानं डोकं खाजवलं. मग मला गप्प करायला म्हणून असेल, ती बाद चिठ्ठी काढून दाखवली. समितीत कोणाचा तरी त्याच्यावर दात होता हे त्यालाही दिसत होतं. पण ती सभ्य मंडळी, ती रागावली तर फुली मारतात, विष घालत नाहीत, असं त्याचं म्हणणं पडलं.

चिठ्ठी मी नीट पाहिली. माझ्याच पेन्सिलीची खूण. ओढ सरळ होती, हात थरथरलेला नव्हता. पण ती फुली नावावर नव्हती. नावाशेजारी, मोकळ्या जागेत, एखाद्या चौकटीत बसवावी तशी ती नीटनेटकी बसली होती. त्या वेळी मला ते विचित्र वाटलं, आणि का वाटलं ते सांगता येईना. निघताना मी हॅकेटकडून मेलेल्याच्या खिशातल्या वस्तूंची यादीही वाचून घेतली. घड्याळ, रुमाल, कंगवा, भाषणाचे कागद.

३

संस्थेत परतून मी कपबश्या आवरायला घेतल्या. संस्थेचे चहाचे चमचे चोवीस आहेत आणि प्रत्येक समारंभानंतर एखाददुसरा कमी भरतो, कारण प्रतिष्ठित लोकांचे खिसे खोल असतात. त्या दिवशी पंचवीस भरले.

जास्तीचा चमचा चांदीचा होता. माझ्याकडे चांदी नाही. तळाशी काहीतरी तपकिरी वाळलं होतं. मी तो जिभेला लावला नाही, तेवढी अक्कल मला आहे. कागदात गुंडाळून घेतला आणि समितीतल्या मंडळींकडे जायला निघाले.

हर्मन कुर्ट्झ आपल्या दारूभट्टीच्या अंगणात पिंपं मोजत उभा होता. पेंगिली दारूबंदीचा कायदा आणणार होता, म्हणजे याच्या पोटावरच पाय. त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, मत मी व्हेनला दिलं, आणि विष घालायचं असतं तर माझ्या बिअरमधून घातलं असतं, पण तो मेला बिअर पीत नव्हता. तीस वर्षांत एकही निवडणूक चुकवली नाही, हेही त्यानं अभिमानानं सांगितलं.

पाद्री ओट्स चाचरत बोलले. त्यांची बदली व्हावी म्हणून पेंगिलीनं वर पत्र लिहिलं होतं, आणि तरीही त्यांनी मत पेंगिलीलाच दिलं होतं. का, ते त्यांना सांगता येईना. मला त्यांची कीव आली. ते इंग्लंडहून आले त्याला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा तिकडे मत सगळ्यांसमोर ओरडून द्यायची रीत होती. चिठ्ठीवरचं मत ते इथेच शिकले.

लॉरिमर जिलाँगचा, म्हणजे इथलाच. निवडणुकीच्या मतपत्रिका त्याच्याच छापखान्यात छापतात, वर 'नको ती नावं खोडावी' अशी सूचनाही तोच टाकतो. चरित्र त्यानंच लिहिलं होतं, आणि मी त्याचा विषय काढताच तो खिडकीबाहेर बघायला लागला. पेंगिलीनं जे सांगितलं तेच लिहिलं, म्हणाला. मी चमचा पुढे केला.

"हा त्याचाच," लॉरिमर म्हणाला. "काही खायच्या आधी कडू औषधाचा एक चमचा घ्यायचा. पोटासाठी. बाटली नेहमी कोटाच्या आतल्या खिशात. काल भाषणाला उभं राहतानाही घेतला की."

इतकं कडू औषध, की त्यात आणखी काही कडू मिसळलं तरी जिभेला कळणार नाही. आणि यादीत बाटली नव्हती.

कोट घालताना बाटली बदलता आली असती. बटणं सोडताना ती काढून घेता आली असती. दोन्ही वेळा हात एकाच माणसाचे होते. पण नॅन्स? चार वर्षं तो पेंगिलीच्या सावलीसारखा वागला होता. त्याच्या तोंडून पेंगिलीबद्दल एक वाकडा शब्द कधी कोणी ऐकला नव्हता. आणि माणसं मारायला कारण लागतं.

४

कारण मला संध्याकाळी चूल पेटवताना सापडलं, म्हणजे त्याचं एक टोक सापडलं.

माझा नवरा कॉन बैलगाड्या हाकायचा. लग्नाआधी तो हद्दीपलीकडे, साउथ ऑस्ट्रेलियात होता. इथल्या पहिल्या निवडणुकीला तो नटूनथटून गेला आणि छाती फुगवून परत आला. म्हणाला, माझ्या माणसासमोर अशी झकास फुली मारली. शेजारचे पोट धरून हसले. तिकडे हव्या असलेल्या नावासमोर चौकटीत फुली मारतात, आणि इथे नको ती नावं खोडतात. कॉनचा हात तिकडे वळण घेऊन आला होता.

ती फुली नावावर नव्हती, नावाशेजारी होती. ती मारणाऱ्याला पेंगिली नको नव्हता. त्याला पेंगिली हवा होता.

आणि असं चिठ्ठीवर लिहिणारा हद्दीपलीकडचा होता. चौघांत तिकडचं म्हणून कोणीच नव्हतं. कुर्ट्झ, ओट्स आणि लॉरिमर वर्षानुवर्षं इथे खोडत आले होते. राहिला नॅन्स. तो स्वतःला बॅलरॅटमध्ये, म्हणजे इथेच व्हिक्टोरियात, जन्मलेला म्हणवायचा. पण मतदानाच्या दिवशी तो नेहमी खाणीत असायचा. पंपांकडे कोणीतरी बघायला हवं, असं म्हणून हसायचा. इतकी वर्षं मी ते कर्तव्य समजत होते.

माझी खात्री झाली होती, पण हॅकेटची करायची होती. सकाळी मी चार चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर तीन स्तोत्रांची नावं. चौघांकडे जाऊन म्हटलं, परवाच्या शोकसभेत कोणतं म्हणायचं ते समितीनं सांगावं, खूण करून द्या. पाद्रीबाबांनी दोन खोडली. लॉरिमरनं दोन खोडली. कुर्ट्झनं तिन्ही खोडून टाकली आणि मी रागावल्यावर एक परत लिहून दिलं.

नॅन्स खाणीच्या तोंडाशी उभा होता. माणसं वर येत होती, तो त्यांना मोजत होता. चिठ्ठी भिंतीला टेकवून त्यानं पेन्सिल चालवली, आणि नजर माणसांवरून न काढता ती माझ्या हातात दिली.

मधल्या स्तोत्राशेजारी नीटनेटकी फुली होती.

५

मी तिथून गेले नाही. शेवटचा माणूस वर येईपर्यंत थांबले. मग चरित्राचं अकरावं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. त्यात लिहिलं होतं, की तरुणपणी पेंगिली साउथ ऑस्ट्रेलियात बुर्रामूरच्या तांब्याच्या खाणीवर व्यवस्थापक होता. एका दारुड्या पहारेकऱ्याच्या हलगर्जीपणानं तिथे आठ माणसं बुडाली, आणि पेंगिली त्यांच्या कबरींपाशी लहान मुलासारखा रडला.

"कॅप्टन," मी म्हटलं, "तुम्ही बॅलरॅटचे नाही."

त्यानं पान वाचलं नाही. त्याला ते पाठ होतं.

"रडला म्हणे," तो म्हणाला. "नोराबाई, माझं नाव यूरेन. तो पहारेकरी डिगरी यूरेन माझा बाप. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नाही."

मग तो बोलत गेला आणि मी ऐकत राहिले. माणसं पाळी संपल्याच्या शिट्टीआधी वर येऊ नयेत म्हणून पेंगिलीनं शिड्यांच्या वाटेवर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप घातलं होतं. खाली पाणी फुटलं. माणसं जाळीपर्यंत चढली. चावी आणायला बापानं पोराला पिटाळलं.

"पंधरा वर्षांचा होतो. धापा टाकत गेलो. तो जेवत होता. म्हणाला, शिट्टी होईपर्यंत जाळी उघडायची नाही, त्यांची नाटकं असतात. मी परत पोचलो तेव्हा जाळीतून बोटं बाहेर आलेली होती, आणि ती हलत नव्हती."

चौकशीत चावी बापाच्या खिशात होती असं ठरलं. गावानं त्याला वाळीत टाकलं. चॅपलमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना. दोन वर्षांत तो झुरून गेला.

"चार वर्षं मी त्या माणसाला कोट घातला," नॅन्स म्हणाला. "त्यानं मला ओळखलं नाही. एकदाही नाही."

"मग लवकर का नाही मारलंत?"

"खालून पडला तर लागतं किती? त्याला वर चढवायचा होता. निवड झाली, टाळ्या पडल्या, मंत्रीपद समोर दिसायला लागलं, तेव्हाच. म्हणून तर मत त्यालाच दिलं." तो जरासा हसला. "आणि ते बाद झालं. हाताला खोड लागलेली, दुसरं काय."

खरं सांगते, त्या क्षणी त्याच्यासाठी मी काहीही केलं असतं. त्याच्या जागी मी असते तर चार वर्षं थांबलेही नसते. पण माझी बहीण बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"बीडीचं काय?" मी विचारलं.

तो म्हणाला, पुरावा नाही, सुटेल ती. नाही सुटली तर मेलबर्नच्या वकिलाला लिहीन. त्याचं सगळं नीट ठरलेलं होतं, आणि त्याच्या आवाजात काळजीही होती. तेच मला सहन झालं नाही.

"पेंगिलीनंही असंच म्हटलं असेल," मी म्हणाले. "यूरेनचं काय व्हायचं ते होईल, बघू नंतर. वरच्याचा गुन्हा आणि कुलपापाशी उभा असलेल्या गरिबाचा गळा. ती कुलपापाशी नव्हती, चहापाशी होती, एवढाच फरक आहे, कॅप्टन. तुमच्या बापाच्या बाकावर तुम्ही माझ्या बहिणीला बसवलंत."

मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. विष घातल्यानं त्याचं काही झालं नव्हतं, पण हे त्याच्या जिव्हारी लागलं. तो वळून खाणीच्या तोंडाकडे गेला. मला वाटलं आत उडी टाकतो की काय, आणि मी त्याची बाही धरली.

"सोडा," तो म्हणाला. "तिथे नाही जात. तिथून कोणाला माझं बोलणं ऐकू येणार नाही."

आतल्या खिशातून त्यानं लहानशी निळी बाटली काढून माझ्या हातात दिली. डोक्यावरची टोपी खुंटीला अडकवली, पंप बघायला दुसऱ्या माणसाला सांगितलं, आणि आम्ही दोघं भर दुपारी मुख्य रस्त्यानं चौकीपर्यंत चालत गेलो. वाटेत लोकांनी त्याला नमस्कार केले. त्यानं सगळ्यांचे घेतले.

६

बीडी त्याच दिवशी घरी आली. पुढचे आठ दिवस तिनं कोणालाही चहा करून दिला नाही.

खटला मेलबर्नला चालला. मी साक्षीला गेले होते. शेवटी काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर नॅन्सनं बुर्रामूरच्या आठ माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला न्यायाधीशांनी त्याला थांबवलं, याचा इथे संबंध नाही म्हणाले. पण लॉरिमर पुढच्या बाकावर वही घेऊन बसला होता. त्यानं कोठडीत जाऊन बाकीची पाच विचारून घेतली आणि पहिल्या पानावर आठही छापली. खाली नववं नाव डिगरी यूरेनचं, आणि त्यापुढे, चावी त्याच्याकडे नव्हती, एवढंच वाक्य. लॉरिमरनं आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. नॅन्सला ते वर्तमानपत्र फाशीच्या दोन दिवस आधी मिळालं. तो ते नीट घडी करून खिशात ठेवून गेला, असं तुरुंगाच्या पाद्रीनं मला कळवलं. त्याला मीच तिथवर नेलं होतं. त्याचं मला वाईट वाटतं, आणि पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन.

चरित्राचा गठ्ठा मी चुलीत घातला नाही. प्रत्येक प्रतीत अकराव्या पानावर लॉरिमरचं ते कात्रण चिकटवलं. आमच्याकडे ती अजून वाचायला मिळतात, आणि वाचणारे सरळ अकरावं पान उघडतात.

राहता राहिला दिवाणखान्यातला लाकडी फलक. संस्थेच्या अध्यक्षांची नावं त्यावर सोन्याच्या वर्खात लिहिलेली आहेत, आणि वरून चौथं पेंगिलीचं. संस्थेच्या समितीत ते काढावं की ठेवावं यावर दोन बैठका झाल्या. शेवटी मृत माणसाचा मान म्हणून ठेवायचं ठरलं. माझं मत कोणी विचारलं नाही. बायकांना इथे मत नाही.

पण फलक पुसायचं काम माझं आहे. रोज सकाळी मी बादलीत धुण्याचा सोडा कालवते आणि शिडीवर चढते. बाकीच्या नावांवरून कोरडं फडकं फिरवते. चौथ्या नावावर ओलं फडकं डावीकडून उजवीकडे, एकदाच, दाबून. पहिल्या वर्षी वर्ख फिका झाला. तिसऱ्या वर्षी अक्षरं तुटली. आता तिथे नुसता एक पांढरट पट्टा आहे, नावावरून रेघ ओढावी तसा.

परवा नवे अध्यक्ष मला विचारत होते, इथे पूर्वी कोणाचं नाव होतं हो, नोराबाई?

मी म्हटलं, आठवत नाही, आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेले.